बाकावर बसू नको, आत जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "काकू, आत मशिनी आहेत, सिस्टर आहेत, मी जाऊन काय करू? मी पैशाचं बघतो." तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. एकतिसाव्या आठवड्यात आलेलं तेराशे ग्रॅमचं लेकरू लातूरला तान्ह्यांच्या सरकारी कक्षात, बायको औशाला टाक्यांची पडलेली, आणि तू दाराबाहेरच्या बाकावर. तुझी ओढाताण मला कळते. तरी सांगते, बाकावरून ऊठ आणि आत जा.

औषध, सलाईन, ऑक्सिजन त्यांचं ते बघतील. अंगाशी धरायचं काम त्यांच्याकडून व्हायचं नाही, ते तुझं आहे. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लेकरं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला आता आपल्याकडेही कांगारू केअर म्हणतात. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या लेकराला जन्मल्यापासूनच असं धरा, रोज आठ ते चोवीस तास. श्वासाच्या मशीनवर असेल तर डॉक्टर थांबवतील. तुझं लेकरू नुसत्या ऑक्सिजनच्या नळीवर आहे. मग विचारायचं, "आज कधी धरू?" धरू का, असं विचारूच नको.

आई येईपर्यंत बापाची छाती चालते, हे तुझ्या घरी कुणाला पटणार नाही. आंघोळ करून जा. पुढून बटणं असलेला सदरा घाल. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा दोरा बाहेर काढून ठेव. दोऱ्याचा देव रागावत नाही. हात कोपरापर्यंत साबणानं धू. आणि ती तंबाखूची पुडी, तिचं काय करायचं ते मी लिहीत नाही. लेकराला टोपी, मोजे, लंगोट एवढंच. उभं धरायचं, तोंड एका बाजूला, मान दुमडू द्यायची नाही आणि ताणूही नाही, पाय बेडकासारखे फाकलेले, वरून कापडाचा पट्टा. एकदा घेतलं की तासभर तरी हलायचं नाही. आधी तुलाच घाम फुटेल. मग तुझ्या लक्षात येईल की त्याच्या पाठीवरचा तुझा हात त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होतोय.

समोरच्या पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णव दिसला की घाबरू नको. ऑक्सिजनवरच्या इतक्या लहान लेकराला नव्वद ते पंच्याण्णवच्या आसपास ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनानं डोळ्यांचा पडदा बिघडतो. मशीन वाजलं की आधी लेकराचा रंग बघ, सिस्टरला हाक मार. बरेचदा ऑक्सिजन मोजायची पायाची पट्टी सरकलेली असते. वजन सुरुवातीला उतरतं, ते भरून यायला दोनेक आठवडे लागतात. दहा ग्रॅमसाठी रोज रात्री पाहुण्यारावळ्यांना फोन करत बसू नको.

माझ्या वेळी हे काहीच नव्हतं. माझा थोरला सातव्या महिन्यात झाला. संध्याकाळी काचेतून दाखवायचे, पडदा ओढायचे, झालं. सुवेर फिटलेलं नसताना मी टाके घेऊन त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, भांडले, शेवटी मला आत घेतलं. सासरी आजही कुणी ना कुणी काढतंच, "हिनं सुवेराचा विटाळ पाळला नाही." नाही पाळला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाही पाळणार. मला सल आहे ती वेगळीच. आमच्या ह्यांना आत जाऊ दिलं नाही. लेकरू घरी आलं तेव्हा ह्यांनी हात पुढेच केले नाहीत. दूध, डॉक्टर, पैसा सगळं केलं, पण घ्यायचं म्हटलं की, "तूच घे, माझ्या हातानं काही होईल." ती भीती जायला फार दिवस लागले. ते दिवस ना ह्यांना परत मिळाले, ना पोराला. तुला तर दार उघडं आहे! आई-बापाला आत घ्यावं, काळजी घ्यायला शिकवावं, अशा सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंच 2017 मध्ये काढल्यात. कुणी अडवलं तर नम्रपणे हेच सांग, आणि हटू नको.

आता बायकोचं. डॉक्टरांनी सोडलं की तिला औशाहून लातूरला आण, माहेरी नेऊ नको. तोवर तिनं दिवस-रात्रीत मिळून आठ वेळा तरी हातानं दूध काढलं पाहिजे, रात्रीचंही. नाहीतर दूध आटेल आणि सगळे तिलाच बोल लावतील. स्वच्छ झाकणाच्या वाटीत, वर वेळ लिहून, लगेच पोचव. आधी नळीनं देतील, मग बोंडल्यासारख्या चोचीच्या वाटीनं. बाटली नको, मध नको, गुटी नको, पाचवीच्या दिवशी कुणी बोट लावून चाटवायला आलं तरी नको.

पैशासाठी सोयाबीन पडत्या भावात घालू नको. सरकारी कक्षात आहेस. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी तान्ह्याचे उपचार, औषधं, तपासण्या वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली तर आधी विचार, का म्हणून. दिवसभर मेडिकलच्या रांगेत उभा राहिलास तर धरणार कधी?

आणि डोळ्यांची तपासणी जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे, लेकरू त्याआधी घरी आलं तरी. सुट्टीच्या कागदावर तारीख लिहून घे.

तुझी आई म्हणते ना, बापानं सुवेरात शिवू नये? तिला मी उद्या सकाळी फोन करते. ते माझ्यावर सोड.

तुझी काकू