वाचकांचे प्रश्न : कोन फिल्टर बसवावा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गाडीचा एअर फिल्टर आणि इंजिनाकडे हवा नेणारी नळी बदलण्याविषयी आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची सहा वर्षे जुनी हॅचबॅक आहे. आता ती मुख्यतः मुलगा चालवतो. राजवाड्याजवळच्या घरापासून विजयनगरला नोकरीला जाणे आणि परत येणे, एवढाच तिचा वापर. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात त्याला कंपनीचा फिल्टर पेटीसकट काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, पेटीविना उघडा बसणारा) बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. ‘गाडी खुल के चलेगी’, पिकअप वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही सुधारेल, असे दुकानदार म्हणतो. हा खर्च करावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : करू नये. दुकानदाराच्या बोलण्यातले पहिले वाक्य मात्र खोटे नाही. इंजिनात जितकी हवा शिरेल तितकेच पेट्रोल त्यात जाळता येते (वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते), त्यामुळे हवेची वाट मोकळी केल्यास ताकद वाढली पाहिजे, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. अडचण अशी आहे की आपल्या चिरंजीवांच्या गाडीत हवा फिल्टरपाशी अडतच नाही.

1.2 लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना फार तर 1.2 लिटर हवा ओढते, म्हणजे मिनिटाला 6,000 फेऱ्या होत असताना सुमारे 3,600 लिटर. कंपनीचा कागदी फिल्टर या सर्वाधिक मागणीचा हिशेब धरून, शिवाय तो धुळीने काहीसा भरलेला असेल हेही गृहीत धरून बनवलेला असतो. शहरातल्या रहदारीत इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालते आणि तेव्हा हवा अडवण्याचे काम थ्रॉटलची झडप करते, कारण अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असल्याने ती बहुतांशी मिटलेली असते. तिच्या पलीकडे, सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली असतो. याउलट स्वच्छ फिल्टरमुळे होणारी दाबाची घट, इंजिन पूर्ण जोराने ओढत असतानासुद्धा, एक-दोन टक्क्यांच्या घरातली असते. नळ बारीक सोडलेला असताना गच्चीवरच्या टाकीपासून येणारा पाइप रुंद करून बादली लवकर भरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अ‍ॅव्हरेजचा दावा तर याहूनही कच्चा आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आत आलेली हवा मोजून इंधन सोडले जाते आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून ते सतत दुरुस्त केले जाते. हवा कमी आली तर पेट्रोलही कमी सुटते. अमेरिकेच्या ऑक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवून गाड्या चालवल्या होत्या. इंजेक्शनच्या गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, फक्त वेग घेण्याची क्षमता घटली. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज मात्र खाली आले. तुंबलेल्या फिल्टरने जे अ‍ॅव्हरेज बिघडले नाही, ते अधिक मोकळ्या फिल्टरने सुधारेल अशी आशा कशाच्या आधारे धरावी?

उघड्या कोन फिल्टरचा आणखी एक तोटा आपल्या गावात विशेष जाणवतो. कंपनीची नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते, तर कोन फिल्टर बॉनेटखाली इंजिनाशेजारी बसतो आणि तिथली तापलेली हवा ओढतो. हवा 40 अंशांवरून 70 अंशांवर गेली की तिची घनता जवळजवळ नऊ टक्क्यांनी घटते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईच्या मानाने मुळातच पाच-सहा टक्के विरळ. त्यात मे महिन्याचे ऊन. ओव्हरटेक करताना पूर्ण जोर हवा असतो, नेमका तेव्हा ‘मोकळा’ फिल्टर एक-दोन टक्के देऊन त्याच्या कित्येक पट काढून घेऊ शकतो.

मग बसवणाऱ्यांना फरक जाणवतो तो कशाचा? बहुतांशी आवाजाचा. कंपनीच्या पेटीत आणि नळीवर असलेले पोकळ कप्पे हवा ओढण्याचा घरघराट गिळून टाकतात. ते काढले की तोच घरघराट केबिनमध्ये येतो आणि गाडी जोरात निघाल्याचा भास होतो. आवाज आवडणे हा काही गुन्हा नव्हे, पण त्यासाठी मोजावी लागणारी खरी किंमत वेगळीच आहे. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते आणि सिलिकाचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. उन्हाळ्यात माळव्याची काळी माती वाळून हवेत मिसळते, बायपासच्या कडेला कुठे ना कुठे खोदकाम चालू असते, आणि फिल्टरमधून सुटलेले बारीक कण पिस्टन रिंगा व सिलिंडर यांच्यामध्ये जाऊन दोन्ही घासत राहतात. ही झीज लगेच दिसत नाही. पुढे कधीतरी गाडी ऑइल खाऊ लागते आणि तोवर फिल्टर विकणारा दुकानदार आठवणीतही राहिलेला नसतो. कागदी फिल्टर धूळ पकडण्यात सामान्यतः अधिक कडक असतो आणि वापराने त्याची पकड वाढत जाते. फिल्टरची पकड, तो हवेला करत असलेला अडथळा आणि त्यात मावणारी धूळ या तिन्ही गोष्टी मोजण्यासाठी आयएसओ 5011 हे मानक आहे. त्या मानकाप्रमाणे काढलेले आकडे जो दाखवू शकत नाही, त्याच्याकडून फिल्टर घेऊ नये.

ज्या टर्बो इंजिनाचे (म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी हवा दाबून आत भरणाऱ्या इंजिनाचे) ट्यूनिंग बदलून हवेची मागणीच वाढवली आहे, तेथे मोठी इनटेक नळी उपयोगी पडते. आपल्या गाडीला तो प्रश्न लागू नाही. चिरंजीवांचा आग्रहच असेल, तर पेटी न हलवता त्याच मापाचा, धुऊन वापरता येणारा पॅनेल (चपटा) फिल्टर घ्यावा. फायदा फारसा होणार नाही, पण नुकसानही मर्यादित राहील.

प्रश्न : माझ्या टर्बो डिझेल गाडीत मी तेल लावायचा सुती पॅनेल फिल्टर बसवला आहे. नुकताच तो घरी धुऊन, तेल लावून परत बसवला. तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी मधूनच दबल्यासारखी चालते. फिल्टर खराब निघाला का?
— एक वाचक, महू

उत्तर : आपल्या वर्णनावरून तेल जास्त झाल्याची शक्यता सर्वाधिक वाटते. फिल्टरच्या पुढे नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली बारीक तार किंवा पट्टी गरम ठेवलेली असते आणि हवेने ती किती निवते यावरून हवेचे वजन काढले जाते. तेलाचा थर आणि त्याला चिकटलेली धूळ तारेवर बसली की हे माप चुकते आणि इंजिनाचा पुढचा सगळा हिशेब बिघडतो. सेन्सर काढून फक्त त्याच कामासाठी मिळणाऱ्या स्प्रेने स्वच्छ करावा व पूर्ण वाळल्यावरच जोडावा. कापडाने पुसणे, ब्रशने घासणे किंवा कार्बुरेटर क्लीनर मारणे टाळावे, कारण तार तुटली की नवा सेन्सर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

फिल्टर धुतल्यावर सावलीत आपोआप वाळू द्यावा, तेल घड्यांच्या कडांवर अगदी बेताने सोडावे, ते सुतात सारखे मुरू द्यावे आणि जादा दिसल्यास टिपून घ्यावे. एवढे करूनही दिवा राहिला, तर नळीचा एखादा क्लॅम्प सैल राहून सेन्सरच्या पुढे हवा गळत नाही ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे आणि गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड वाचून घ्यावा.

पेटी उघडलेलीच असेल, तर फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेले बोट फिरवून पाहावे. कापडाला धूळ लागली, तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या कडेचे रबर बसके झाले आहे, असे समजावे. टर्बोची पाती अतिशय वेगाने फिरतात आणि अशी धूळ त्यांच्या कडा खाऊन टाकते, म्हणून डिझेल गाडीवाल्यांनी ही तपासणी चुकवू नये.

प्रश्न : आमचा मेकॅनिक प्रत्येक सर्व्हिसिंगला फिल्टरवर कॉम्प्रेसरने हवा मारून तोच परत बसवतो. हे योग्य आहे का?
— एक वाचक, राऊ

उत्तर : एखाद-दुसऱ्या वेळी चालते, मात्र हवा बेताच्या दाबाने आणि स्वच्छ बाजूकडून मारावी. उलट बाजूने मारल्यास धूळ कागदात आणखी रुतते आणि जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत फिल्टर 40,000 किलोमीटरला बदलण्यास सांगितलेले असते, परंतु धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच पुस्तिकेत वेगळी, लवकरची सूचना असते. ती आपल्याला लागू आहे. नवा फिल्टर घेताना डुप्लिकेट मालापासून सावध राहावे.

प्रश्न : थंड हवेसाठी नळी पुढच्या बंपरमागे खाली उतरवण्याचा विचार आहे. कायद्याची किंवा अन्य काही अडचण येईल का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. फिल्टरचा उल्लेख प्रमाणपत्रात नसतो, त्यामुळे नुसता फिल्टर बदलणे हा या कलमाचा विषय होत नाही. मात्र आवाज किंवा धूर मर्यादेपलीकडे गेल्यास कलम 190 खाली कारवाई होऊ शकते. गाडी वॉरंटीत असेल, तर इंजिनाची कोणतीही तक्रार या नळीच्या माथी मारली जाण्याचा संभव आहे.

आम्हाला अधिक काळजी पावसाळ्याची वाटते. तुंबलेल्या रस्त्यावर बंपरपर्यंत पाणी आले की खाली उतरवलेली नळी ते सरळ ओढते, पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नळी खाली नेलीच, तर पावसाळ्याचे चार महिने मूळची परत बसवावी. पाण्यात गाडी बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. आधी पेटी उघडून फिल्टर पाहावा आणि तो ओला असेल, तर गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.