लंपनची मराठी कुठे शुद्ध आहे?

इंदूर

प्रिय बेटा,

परवा राजवाड्यापाशी भेटलीस तेव्हा म्हणालीस, "काकू, माझी मराठी अर्धी हिंदी. मराठी कादंबरी मला कुठे जमून राहिली?" तेव्हा हसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

तू दिलेलं 'द आउटसायडर्स' वाचलं. एस. ई. हिंटननं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, 1967 मध्ये छापून आलं. त्यातली पोरं कुठे पुस्तकी इंग्रजी बोलतात? ते तुला चाललं. मग मराठीतच सोवळं कशाला?

आधी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घे. तशा त्या कथा आहेत. पण पुढची 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ओळीनं वाचलीस की एक मुलगा डोळ्यांसमोर मोठा होतो. लंपन आईबाबांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेलं, आणि मधूनच त्याचं ते 'मॅडसारखं'. एखाद्या कडक बाईंनी तपासलं तर लाल शाई संपेल! आपलं "करून राहिलो" तसंच ते. संतांनी ते धुऊन-पुसून काढलं नाही, म्हणून तर आवडत्या सुमीसमोर उडणारी त्याची तारांबळ इतकी खरी वाटते. कन्नड शब्द अडले तर अडू देत. मलाही अडले होते, पुढच्या ओळीत आपोआप सुटले.

मग 'शाळा', मिलिंद बोकीलांची. आणीबाणीतली नववी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारी चौकडी, त्यातला गोष्ट सांगणारा जोशी, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. सिनेमा पाहिलास म्हणून सोडू नकोस. ती मुलं मुलींबद्दल जे बोलतात त्याचा तुला राग येईल, मलाही आला. पण जोशी स्वतःला समजतो तेवढा शहाणा नाही, हे बोकीलांना पक्कं ठाऊक आहे. ते कुठे कुठे दिसतं, तेवढं शोध आणि मला सांग.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पातळ आहे, दोन दिवसांत होईल. धनगरांच्या वाडीवर नोकरीला आलेला कोवळा मास्तर. शेवटची दुष्काळाची पानं तेवढी घाईत उरकू नकोस.

आणि 'कोसला' मी आत्ता देणार नाही. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, 1963 मध्ये आली, सगळं खरं. पण पांडुरंग सांगवीकरचं कंटाळणं होस्टेलची मेस खाल्ल्यावर जास्त कळतं. बारावी होऊ दे. हा माझा हट्ट समज. दुसरीकडून मिळवून वाचलीसच, तर त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण रात्री एकटीनं वाचू नकोस.

रविवारी ये. 'वनवास' काढून ठेवलंय. शिवण सुटलीये म्हणून रबर लावलंय, ते फेकू नकोस.

तुझी,
काकू