डायक्लोरोमिथेनमध्ये फेरोसीनच्या सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंट मोजणं) दोन पीकमधलं अंतर ५९ ऐवजी १२० मिलिव्होल्ट येतंय, इलेक्ट्रॉन ट्रान्सफर स्लो आहे असं धरायचं का? आणि आयआर कंपेन्सेशन (करंट गुणिले रेझिस्टन्स एवढं वाया जाणारं व्होल्टेज भरून काढणं) किती टक्के ठेवू?

अजिबात धरू नका. फेरोसीन (फास्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सफरचा नेहमीचा स्टँडर्ड) स्लो नाहीये, तुमचं सोल्यूशन रेझिस्टिव्ह आहे.

याच मुद्द्यावरून पीएचडीत असताना एका सीनियरशी माझं कडाक्याचं भांडण झालंय. आमचं एक रुथेनियमचं कॉम्प्लेक्स होतं, डायक्लोरोमिथेन सोडून कशातच नीट विरघळायचं नाही. स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) वाढवला की पीक अजून लांब जायचे, तर सीनियर म्हणे हे बघ, क्वासी-रिव्हर्सिबल (इलेक्ट्रॉन ट्रान्सफर जरा स्लो) आहे, निकोल्सनच्या १९६५ च्या मेथडने के-नॉट (इलेक्ट्रॉन ट्रान्सफरच्या वेगाचा आकडा) काढ आणि पेपरमध्ये टाक. मी म्हटलं, सर, स्कॅन रेट वाढला की करंट पण वाढतो, करंट वाढला की आयआर ड्रॉप वाढणार, मग या दोन्हीतलं नेमकं कुठलं दिसतंय हे कसं कळणार? त्यावर उत्तर काय, तर थ्री इलेक्ट्रोड सेल आहे ना (रिॲक्शनचा वर्किंग, व्होल्टेज मोजायचा रेफरन्स, करंट वाहणारा काउंटर), रेझिस्टन्सचं पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज कंट्रोल करणारं यंत्र) बघून घेतो.

नाही बघत! काउंटर ते रेफरन्स एवढाच भाग तो सांभाळतो. रेफरन्सच्या टोकापासून वर्किंगपर्यंतचा रेझिस्टन्स तसाच राहतो आणि तिथे जेवढं व्होल्टेज पडतं तेवढं इलेक्ट्रोडला मिळतच नाही. तुमचाच हिशोब करा: ३ मिलिमीटरचा ग्लासी कार्बन, १ मिलिमोलर फेरोसीन, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट, म्हणजे पीक करंट साधारण ३० मायक्रोॲम्पिअर. डायक्लोरोमिथेनमध्ये ०.१ मोलर मीठ घालूनही रेझिस्टन्स सहज १ किलोओहमच्या घरात जातो, म्हणजे ३० मिलिव्होल्ट गेले. ऑक्सिडेशनचा पीक तेवढा पुढे, रिडक्शनचा तेवढा मागे, झाले की १२०.

मी मग सेल तोच, मीठ तेवढंच ठेवून कॉम्प्लेक्स १ मिलिमोलरवरून ०.२ वर आणलं. अंतर थेट सत्तरच्या आसपास! इलेक्ट्रॉन ट्रान्सफर स्लो असती तर डायल्यूट करून अंतर हललं नसतं, मॉलिक्यूलला काय माहीत शेजारी अजून किती जण आहेत. आलेख टेबलावर ठेवला तरी सीनियरचं म्हणणं हेच की इलेक्ट्रोड नीट पॉलिश झाला नसेल. के-नॉटचा तो आकडा शेवटी पेपरमधून निघाला, पण का निघाला हे ग्रुप मीटिंगमध्ये कोणी उच्चारलं नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे. डायक्लोरोमिथेनमधला के-नॉट छापायचा तर त्याच सेलमधला फेरोसीन शेजारी दाखवा, नाहीतर तो आकडा मी मानत नाही, लिहिणारा कितीही मोठा असो.

कंपेन्सेशनचं म्हणाल तर आधी इम्पिडन्सने (एसी सिग्नल देऊन) हाय फ्रिक्वेन्सीला रेझिस्टन्स मोजा, मग ८५-९० टक्क्यांच्या आसपास थांबा, शंभराच्या मागे लागलात तर पोटेन्शिओस्टॅट ऑसिलेट व्हायला लागतो. रेफरन्सचं टोक जवळ आणा, पण वर्किंगला चिकटवू नका. मायक्रोइलेक्ट्रोड मिळाला तर उत्तमच, करंट नॅनोॲम्पिअरमध्ये येतो आणि ड्रॉप जवळपास उरतच नाही.

हो, दोन्ही पीकची सरासरी यात फारशी हलत नाही, त्यामुळे नुसतं ई-हाफ (दोन पीकच्या मधलं पोटेन्शियल) हवं असेल तर एवढं टेन्शन घेऊ नका. आणि हे सगळं ऑरगॅनिक सॉल्व्हंटचं झालं. पाण्यात १ मोलर केसीएल घालून पण पीक असेच लांब येत असतील तर मात्र रेझिस्टन्सला दोष देऊ नका, आधी इलेक्ट्रोड पॉलिश करा.