मराठी नीट बोलता येत नसताना शब्बाथशाळेच्या शिक्षकांचं प्रशिक्षण कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिरुनेलवेलीकडचे, मिशनरी म्हणून साताऱ्यात येऊन वर्ष झालं. मराठी वाचता येतं, बोलताना अडखळता, आणि आता आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या शाळेच्या, शिक्षकांचं प्रशिक्षण तुमच्यावर आलंय. दुभाषी घेऊ, हिंदीत घेऊ, की मराठी पक्की होईपर्यंत थांबू, असं विचारताय. तुम्हाला दोघांनी "चांगला दुभाषी शोधा" असा सल्ला दिलेला दिसला, म्हणून लिहायला बसले. दुभाषी घेऊ नका.

मी सांगली जिल्ह्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झाले. शब्बाथशाळा लग्नाआधीपासून घेते, अजून घेते. त्यामुळे प्रशिक्षणं पुष्कळ सोसली आहेत, सरकारचीही आणि मंडळीचीही. त्यातलं एकच सांगते.

2019 साल. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढताना नाव उलटली आणि माणसं गेली. सांगलीत आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओली होती, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांचं शिबिर ठरलं. घ्यायला मिझोरामहून आलेल्या एक मिशनरी ताई. त्यांची हिंदीच शिकलेली, मराठी तर कालपरवाची. दुभाषी म्हणून आमच्या मंडळीतले एक वडील. वडील हे मंडळीच्या कारभारातलं पद, वयानंही ते वडील होतेच. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, मराठी अस्खलित, आवाज खणखणीत.

पहिला दिवस असा गेला की ताई हिंदीत एक वाक्य बोलायच्या आणि वडील त्यावर दहा मिनिटं. ताई म्हणाल्या, मुलांना बोलू द्या. त्यावर वडिलांनी बायबलमधलं नीतिसूत्रे 22:6 काढलं आणि आदर्श शिक्षकाचे गुण सांगितले, क्रमांक घालून. आम्ही लिहून घेतले. ताईंना कळत होतं की आपण एवढं काही बोललो नाही, पण तिऱ्हाईत माणूस चारचौघांत काय बोलणार? खेड्यांतून आलेल्या बायका माना डोलवत होत्या. त्या मानांचा अर्थ मला माहीत होता. सरकारी प्रशिक्षणात मीही तशीच डोलवायची.

संध्याकाळी ताईंनी मला बाजूला घेतलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, उद्या गल्लीतली मुलं आणा. वडिलांना सकाळी हे कळलं तेव्हा ते म्हणाले, हे प्रशिक्षण आहे, बालवाडी नव्हे. तोवर मुलं येऊन सतरंजीवर बसलीसुद्धा होती.

ताईंनी एक निळी चादर पसरली, चार कोपरे चार मुलांच्या हातात दिले. मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट. "संध्याकाळ. नाव. येशू झोपला." इतकंच मराठी. शब्द अडला की मुलांकडे बघायच्या, मुलं ओरडून पुढचं सांगायची. गोष्ट ताईंची आणि मराठी पोरांचं, असं छान चाललं होतं. मग वारा आला आणि ताईंनी चादर जोरात हलवायला लावली. एका पोरानं हातातला कोपरा टाकला आणि भिंतीला जाऊन बसला.

आमच्यात पलूसकडच्या एक आक्का होत्या. द्राक्षबागेत मजुरी करायच्या. ऐन छाटणीच्या दिवसांत रोज बुडवून आल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. आदल्या दिवशी त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, चादर लई हलवू नगा. ही पोरं पुरातली हाईत." ताईंना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी चादर आक्कांच्या हातात दिली आणि स्वतः पोरांच्या रांगेत जाऊन बसल्या. वडील दुभाषेपणा करायला उठले, त्यांना हातानंच बसा म्हणाल्या.

आक्कांनी चादर जमिनीवर सपाट अंथरली. विचारलं, "नावंत कोन कोन बसलंय?" जवळजवळ सगळे हात वर. मग पोरं जी सुटली! रबराची नारिंगी नाव, आजी घर सोडायला तयार नव्हती, म्हैस दावं कापून सोडली ती कुठं गेली कळलं नाही, शाळेच्या वर्गात झोपलो, रोज खिचडी. भिंतीला बसलेला पोरगाही सरकत सरकत पुढं आला. आक्कांनी कुणालाही आवरलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "येशूबी असाच नावंत हुता. दमून झोपला हुता. शिष्य म्हनले, आमी बुडतोय, तुला काय काळजी हाय का न्हाई?" मग वादळ शांत झालं, ते सांगितलं.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मग ब्रह्मनाळची नाव का बुडली?"

आक्का म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई, बाळा. मी बी त्याला ह्येच इचारती."

वडिलांकडे उत्तर तयार होतं आणि त्यांनी ते दिलं. देवाची योजना, मानवाची मर्यादा, सगळं आलं. मुलगी ऐकत नव्हती. ती आक्कांच्या मांडीला टेकली होती.

आता माझं भांडण. शिबिराच्या शेवटी लेखी परीक्षा झाली, आक्कांना ती लिहिता आली नाही, प्रमाणपत्र मिळालं नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून वर्ग द्यायचा नाही असं कमिटीत ठरलं. वडिलांचं म्हणणं होतं की जी शिक्षिका मुलांसमोर "मला माहीत नाही" म्हणते ती शिक्षिका नव्हे. सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलचं वचन, घेतलं नाही, तात्पर्य सांगितलं नाही, भाषा गावंढळ. मी म्हटलं, तो प्रश्न त्या मुलीच्या पोटात ऑगस्टपासून होता. तुम्हाला विचारला नाही, मला विचारला नाही, आक्कांना विचारला. शब्बाथशाळेची शिक्षिका याहून वेगळं काय असतं? वडील म्हणाले, जुने मिशनरी मराठीची परीक्षा दिल्याशिवाय तोंड उघडत नव्हते, आणि आज चौथी शिकलेल्यांच्या हातात वर्ग द्यायचा?

जुन्या मिशनऱ्यांनी मराठीवर मेहनत घेतली, हे खरंच. महाबळेश्वरला उन्हाळ्यात त्यांच्यासाठी मराठीचे वर्ग भरायचे, पंडित ठेवून ते वर्षानुवर्षं शिकायचे. पण घरोघरी जाऊन बायकापोरांना गोष्टी कोण सांगत होतं? बायबलबाया. इथल्याच, बऱ्याचशा जेमतेम शिकलेल्या. आणि रविवारच्या शाळांची चळवळ ज्याच्या नावावर आहे त्या रॉबर्ट रेक्सनं 1780 साली इंग्लंडात ग्लॉस्टरला शाळा काढली, तेव्हा शिकवायला ठेवल्या त्या गल्लीतल्याच साध्या बाया, रविवारला एक शिलिंग देऊन. हे मी कमिटीत सांगितलं. ठराव माझ्या विरोधातच गेला. आक्का आपल्या गावात ओसरीवर वर्ग घेतात, प्रमाणपत्राशिवाय, आणि तिथं आमच्या मंडळीपेक्षा जास्त पोरं येतात. वडील हे वाचतील. वाचू देत.

तर तुमच्या प्रश्नाकडे. तुमचं मराठी तोकडं आहे हे या कामात तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. अस्खलित माणूस भाषण देतो. तोकडं मराठी असलेल्याला करून दाखवावं लागतं, आणि शिक्षकाला शिकायचं असतं ते करून बघितलेलंच. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलं समोर हवीत. एक पाठ तुम्ही घ्या, छोटा. लगेच तोच पाठ त्यांच्यातल्या एकीला घ्यायला लावा आणि तुम्ही मागं बसा. गोष्ट सांगून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका, उत्तर "हो"च येणार. "आता तुम्ही मला सांगा" म्हणा. सुवर्णवचन फळ्यावर लिहून एकेक शब्द पुसत पाठ करून घ्यायची जुनी रीत आहे, तिला भाषा जवळजवळ लागतच नाही. अभिनयगीतांचंही तसंच, मात्र इंग्रजी चालीवर बसवलेली गाणी कमी आणि भजनाच्या चालीची जास्त घ्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक अखेरच्या काळात तुमच्या साताऱ्यातच राहत होते. त्यांची पदं म्हाताऱ्या बायकांना पाठ असतात, त्यांच्याकडूनच शिकून घ्या. तुम्ही शिकताय हे शिक्षकांनी पाहिलेलं बरं.

पाठाची पुस्तकं छापील आणतात, त्यांत मेंढपाळाच्या मागं हिरवंगार कुरण असतं. माणदेशात हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगून बघा, त्या एकासाठी मेंढपाळ नव्याण्णव सोडून जातो ती. तिथली पोरं पहिला प्रश्न विचारतील, नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली? याचं उत्तर पुस्तकात नाही. तिथल्या शिक्षिकेला ते ठाऊक असतं, कारण धनगरांचे वाडे तिनं डोळ्यांनी पाहिलेले असतात: सोबतीला दुसरे मेंढके असतात, कुत्री असतात, मेंढरांभोवती लावायची वाघर, म्हणजे जाळी, असते. म्हणून शनिवारी संध्याकाळी तयारीला बसा, पाठ तिला वाचू द्या आणि मुलं काय विचारतील ते तिलाच विचारा. रविवारी तिचं काही चुकलं तर पोरांसमोर बोलू नका. तिच्या बोलीला तर हातच लावू नका.

हिंदीचं म्हणाल तर शहरात चालून जाईल, पण खेड्यातल्या बायका हिंदीपुढं गप्प होतात आणि तुम्हाला वाटेल शांतपणे ऐकताहेत.

तरी दोन-तीन गोष्टींना मोडकं मराठी चालणार नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. बाप्तिस्म्यासारखा विषय मोठ्यांना शिकवायचा असेल, किंवा एखादं मूल घरातल्या मारहाणीचं काही सांगू लागलं, तर खाणाखुणांवर भागवू नका. विश्वासातली, पूर्ण मराठी येणारी बाई शेजारी हवी. वर्गात एकटा मोठा माणूस कधीच नको, दोघं हवेत. आणि शेजारपाजारची, दुसऱ्या धर्माच्या घरांतली पोरं गाण्याच्या आवाजानं येतात. त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय त्यांना बसवू नका. न विचारता बसवलंत तर त्याचा त्रास तुमच्या आधी त्या शिक्षिकेला होईल, कारण तिला त्याच गावात राहायचंय.

आणि मराठी शिकणं सोडू नका. प्रशिक्षणाला थोडकं पुरतं, कमिटीला पुरत नाही. त्या ठरावाच्या दिवशी मिझोरामच्या ताई खोलीतच होत्या. त्यांना सगळं दिसत होतं, आक्कांच्या बाजूनं बोलायचंही होतं, पण पाच वडील एका सुरात मराठीत बोलू लागल्यावर त्यांना मध्ये घुसता येईना. तुमच्याकडेही अशी एखादी आक्का निघेल आणि तिच्या विरोधात कुणीतरी परीक्षेची गुणपत्रिका काढेल. तोवर भांडता येईल इतकं मराठी हवं. आणि प्रशिक्षणाचं पत्रक छापायच्या आधीच पाळकसाहेबांकडून लिहून घ्या की लेखी परीक्षा ठेवणार नाही, वर्गात बसून पाठ बघूनच प्रमाणपत्र देणार. नंतर कुणी लिहून देत नाही.