‘मले तहानच नाई लागत’ : उन्हाळा आणि घरातली म्हातारी माणसं

प्रश्न : माझे बाबा ७६ वर्षांचे, गावी आर्वी तालुक्यात असतात, मी नोकरीला पुण्यात. मागच्या आठवड्यात दुपारी ते एकदम बरळायलाच लागले, दोन वर्षांआधी विकलेल्या बैलांना वैरण टाकली का म्हणून विचारत होते. शेजारचे म्हणाले वय झालं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. दवाखान्यात सलाइन लावली आणि संध्याकाळपर्यंत ठीक झाले. डॉक्टर म्हणाले अंगातलं पाणी कमी झालं, पण बाबा उन्हात गेलेच नव्हते! पाणी प्या म्हटलं की म्हणतात, "मले तहानच नाई लागत तं काऊन पिऊ?" बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी पण घेतात. ताकद राहावी म्हणून दर आठवड्याला एक सलाइन लावून घ्यायची का?

उत्तर : बाबा खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तहान लागत नाही. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते, किडनीला पाणी राखून ठेवणं पहिल्यासारखं जमत नाही, आणि अंगात मुळात पाण्याचा साठाच कमी असतो. त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात, टिनाची खोली दुपारी भट्टी होते आणि हवा इतकी कोरडी की घाम आल्याआल्या वाळतो, माणसाला वाटतं आपल्याला घामच आला नाही. म्हणून घरात बसूनही पाणी कमी पडतं. आणि अचानक बरळणं हे बाहेरचंही नाही आणि वयाचंही नाही. पाणी कमी झालं की होतं, साखर उतरली तरी होतं, लकव्यातही होतं, त्यामुळे घरी अंदाज लावत बसू नका, दर वेळी लगेच दवाखाना.

आता एक विचारतो, तुमच्या घरी संडास परसात आहे का? गावातली कितीतरी म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणी तोडतात ते रात्री उठावं लागू नये म्हणून. गुडघे दुखतात, अंधार असतो, पडायची भीती, आणि हे पोरांना सांगायची लाज वाटते. तेव्हा "प्या प्या" म्हणून मागे लागण्याआधी खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवा, जमलं तर कमोडची खुर्ची आणा, वाटेवर एक बल्ब लावा. मग बघा, अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

आणि तहान लागली का असं विचारूच नका, वेळ झाली की हातात द्या. आईला सांगा, एक लिटरचा तांब्या दुपारच्या जेवणापर्यंत रिकामा व्हायला पाहिजे, दुसरा दिवेलागणीपर्यंत. सगळं साधं पाणीच पाहिजे असं नाही, ताक, ज्वारीची आंबील, पातळ वरण, कैरीचं पन्हं, टरबूज सगळं धरायचं, फक्त बीपी आहे म्हणून मीठ बेताचं. लघवी कडक चहासारखी गडद दिसली किंवा सकाळपासून झालीच नाही, उभं राहताना चक्कर आली, जीभ चिकट झाली तर सावध व्हा. हाताची कातडी ओढून बघतात त्यावर म्हाताऱ्यांत भरवसा नको, ती तशीही सैलच असते.

गोळ्यांचं मला जास्त टेन्शन आहे. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, ती स्वतःहून बंद करू नका पण उलटी-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गुडघ्याची ती मेडिकलची गोळी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका, पाणी कमी असताना दुखण्याच्या गोळ्या सरळ किडनीवर येतात.

सलाइनमध्ये ताकद नसते हो. अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बस. गरज पडली तेव्हा तिनेच बाबांना वाचवलं, पण दर आठवड्याला उगाच लावली तर हृदयावर भार येऊ शकतो. जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट, आशाताईंकडे मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या, बहुतेक एक लिटर, पाण्यात पूर्ण पाकीट एकदम, चिमूट चिमूट ग्लासात टाकून नाही. अंग चटके बसतील इतकं तापलं आणि माणूस शुद्धीवर नसला तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून छातीत जातं. ओली चादर, वरून कूलरची हवा आणि लगेच १०८.

प्रश्न : आईचं हृदय कमजोर आहे, डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलंय. नवतप्यात (मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत) वाढवायचं का? (वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : मनाने नाही. कडक ऊन सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून उन्हाळ्याचा वेगळा आकडा आणि पाण्याच्या म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस विचारून घ्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली, धाप लागली किंवा उलट वजन झपाट्याने उतरून चक्कर यायला लागली, दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करायचाच. तोपर्यंत पाणी पोटात नाही तर अंगावर वापरा, मानेला ओला दुपट्टा, दुपारी कूलरसमोर खाट आणि खिडकी थोडी उघडी.