काटा बोटात रुतला, हे रक्तात वाहत असलेल्या पांढऱ्या पेशींना कसं कळतं?

वाहत असताना त्यांना काहीच कळत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गातही बहुतेकांची समजूत असते, की पेशीला लांबून हाक ऐकू येते आणि ती धावत सुटते. पण रक्ताच्या वेगात लांबची हाक पोहोचणारच कशी? हाक मारली जाते ती रक्तवाहिनीच्या भिंतीवर.

सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचंच घ्या. काटा रुतला की तिथल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी इंटरल्युकिन-८ सारखी केमोकाइन, म्हणजे इतर पेशींना बोलावणारी प्रथिनं सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू येतात. तिथून जाणारी न्यूट्रोफिल त्यांना चिकटत-सुटत गडगडू लागते. अस्तराला धरून बसलेलं केमोकाइन तिच्या रिसेप्टरवर (संदेश टिपणाऱ्या रेणूवर) बसलं, की तिच्या अंगावरचे इंटिग्रिन रेणू क्षणात पकड घेतात. पेशी थांबते आणि भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते.

हे थांबणं जमलं नाही तर काय होतं? काही बाळं सदोष इंटिग्रिन घेऊन जन्मतात. त्यांची नाळ फार उशिरा गळते, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, रक्ततपासणीत न्यूट्रोफिल भरमसाट दिसतात, आणि जखमेत पू मात्र होत नाही. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्या तिथे पोहोचतच नाहीत.

बाहेर आल्यावर खरा माग काढणं सुरू होतं. पेशीची लांबी जेमतेम १०-१५ मायक्रोमीटर. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी रसायनाच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला पुरतो. ज्या बाजूला जास्त रिसेप्टर भरलेले, तिकडे पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे वाढतात आणि पेशी तिकडे सरकते. जंतूंच्या प्रथिनांची सुरुवात फॉर्माइल-मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते. असे तुकडे जाणवले, की न्यूट्रोफिल इंटरल्युकिन-८ कडे दुर्लक्ष करून त्यांच्याच मागे जाते. (आपल्या मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वजही जीवाणूच, त्यामुळे तिथली प्रथिनंही तशीच सुरू होतात. म्हणून जंतू नसलेल्या, नुसत्या मुक्या मारानेही पेशी फुटून ती बाहेर सांडली, की न्यूट्रोफिल जमतात.)

रिसेप्टर पेशीला अडवूनही ठेवतात, हे सहसा सांगितलं जात नाही. अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी सीएक्ससीआर-४ या रिसेप्टरमुळे तिथेच राहतात. प्लेरिक्साफोर हे औषध तो रिसेप्टर अडवतं, त्या पेशी रक्तात उतरतात आणि प्रत्यारोपणासाठी सरळ शिरेतून गोळा करता येतात. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली.