दोर, कैची आणि थाळी : खेळ करणाऱ्यांच्या शंका

आम्ही चौकात दोरावरून चालण्याचा खेळ करतो. दोर चांगला कडक ताणला होता, तरी ऐन खेळात खुंटी उपटून आली. असं का झालं? (लातूर)

कडक ताणला म्हणूनच. दोर ज्यांवर टेकतो त्या दोन्हीकडच्या कात्रीसारख्या खांबजोड्यांमध्ये, म्हणजे कैच्यांमध्ये, 6 मीटर अंतर असेल आणि मधोमध उभ्या असलेल्या 60 किलोच्या माणसाखाली दोर 15 सेंमी दबत असेल, तर दोरात सुमारे 600 किलोचा ताण येतो. दोर 30 सेंमी दबू दिला की ताण निम्म्यावर येतो. उडी मारली तर हे आकडे कितीतरी वाढतात. त्यात आपली काळी माती! उन्हाळ्यात भेगाळलेली, पावसात चिखलासारखी मऊ. खुंटी धरणार कशी? सिमेंटच्या रस्त्यावर तर खुंटी ठोकायचीच सोय नाही.

यावर उपाय म्हणजे खुंट्या नसलेला सांगाडा. जमिनीलगत एक लांब लोखंडी पाइप ठेवा. कैच्यांच्या पायांखालच्या आडव्या पट्ट्या त्याला बोल्टने घट्ट जोडा आणि दोराची दोन्ही टोकं कैच्यांवरून खाली आणून पाइपच्याच टोकांना बांधा. दोर जितका आत ओढतो, तितकंच पाइप आतून तोलून धरतो. जमिनीवर फक्त वजन येतं. पाइप किती जाडीचा घ्यायचा हे वेल्डरच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. सरावात पाइप जरा जरी वाकलेला दिसला तरी खेळ बंद.

दोर दक्षिणोत्तर बांधा, म्हणजे संध्याकाळचं ऊन चालणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. आणि गादीऐवजी कडबा पसरू नका. तो पायाखाली सरकतो, घोटा मुरगळतो.

आमच्या डोंबारी घरातली नऊ वर्षांची मुलगी दोरावर सुरेख चालते. यात्रेत तिचा खेळ लावू का? (परभणी)

नको. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने बालकलाकारांना सूट दिली, पण त्यातून सर्कस स्पष्ट शब्दांत वगळली. तिला शाळेत मल्लखांब शिकू द्या, दोरीचा मल्लखांब तर तिच्या हातचाच. पैसे मिळायला हवेत ते तिला शिकवणाऱ्या आजी-आजोबांना. नव्या नाट्यगटांनी त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलवावं आणि मानधन आधी ठरवावं. नुसत्या शाल-श्रीफळावर घर चालत नाही.

जिल्ह्यात सर्कस आणि पथनाट्यांचा महोत्सव भरवायचा आहे. सुरुवात कुठून करू? (बीड)

महोत्सव नंतर, आधी सरावाची जागा बघा. तीन दिवसांच्या मांडवावर पैसा उडतो आणि चौथ्या दिवशी गट पुन्हा उघड्यावर. किमान 6 मीटर उंचीचं रिकामं गोदाम वर्षभराच्या भाड्याने मिळालं तर पाच-सहा गट वेळा वाटून घेऊ शकतात. मात्र पत्र्याच्या शेडच्या कैचीला, म्हणजे छताखालच्या त्रिकोणी सांगाड्याला, झोका किंवा कापडी पट्टा टांगू नका. ती कैची पत्रे आणि वारा पेलण्यासाठी असते. लटकलेला माणूस झेप घेतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका एकाच जागी बसतो. झोक्यासाठी वेगळा सांगाडा उभारा. तो, त्याचे हुक आणि दोर, सगळं हा हिसका सहज पेलणारं हवं; त्याचा हिशेबही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

तिकीट लावावं की थाळी फिरवावी? (नांदेड)

माळेगावसारख्या यात्रेत थाळीच. फिरवायची ती शेवटच्या, सगळ्यात अवघड कसरतीच्या आधी. खेळ संपला की रिंगण क्षणात पांगतं. सभागृहात तिकीट लावा. माणशी 500 रुपयांपर्यंतच्या सर्कस-नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही.